दोनशे बारा ते दोनशे तीस

"मंजुळा, निघाली नसशील तर आधी ऐक." फोनवर सबनीस सरांचा आवाज बसला होता. "यादीतली एकोणीस नावं गेली."

"गेली म्हणजे, सर?"

"खोडली. शनिवारी. आणि खोडणारा आपल्याच ऑफिसातला आहे. लवकर ये. चार वाजता सुनावणी अधिकारी येणार आहेत."

तारीख होती सात डिसेंबर १९९८, वार सोमवार. मंजुळा परुळेकर आज डोंबिवलीला जाणारच होती. ठाण्यातली तिची कंपनी लहानमोठ्या कार्यालयांचे सर्व्हर सांभाळायची. या सर्व्हरवरच्या एका प्रोग्रामात भोक सापडलं होतं. ते बुजवलं आहे की नाही हे स्वतः पाहून यायचं, एवढंच तिचं काम. तसं पत्र गुरुवारीच सरांना पोचलं होतं. तिनं पिशवीत तपासणीची फ्लॉपी, कापूस आणि स्पिरिटची बाटली टाकली आणि ती निघाली.

पुनर्वसनाचं ते कार्यालय डोंबिवली पश्चिमेला, पिठाच्या गिरणीच्या माडीवर. जिन्याचा कठडासुद्धा पिठानं पांढरा झालेला. पायऱ्यांवर वेताळबंदरच्या बाया दाटीवाटीनं बसल्या होत्या. खाडीकाठच्या नव्या रस्त्यात त्यांचा कोळीवाडा जाणार होता. एकूण दोनशे तीस घरं. ज्याचं नाव यादीत, त्याला कळव्याला एक खोली. ज्याचं नाही, त्याला उघडं आभाळ.

"तूच काय ती मशीनवाली?" सगळ्यांत पुढच्या म्हातारीनं, आवडाबाईनं, टोपली आडवी घातली.

"हो."

"मंग बग ना बाय, आमची नावा कुटं गेली." तिनं कनवटीची चिठ्ठी काढली. फॉर्म मिळाल्याची पोच. शिक्का आणि आकडा, २१९. नाव कुठंच नाही. "आमी सगली सुक्या मासलीच्या कामाला बाहेर गेलेलो. दसरा झाल्यावर येऊन फॉरम भरला. दौलतनं माज्यासमोर मशीनीत घातला."

"दौलत कोण?"

"माजे भावाचा पोर. हितंच कामाला हाय. त्यालाच चोर केलाय." आवडाबाईनं मान झटकली. "माजा नि त्याचा वरीसभर पटत नाय, तोंड बगत नाय आमी एकमेकांचा. पन तो चोर नाय."

"सर काय म्हणाले?"

"सायेब बोलतो, नाव होता न कोनी खोडला, तर परत लावतील. नव्हताच, तर मुदत सरली. आता तूच सांग, होता का नव्हता?"

मंजुळेनं वही काढली. तिनं एकेका बाईची पोच पाहिली आणि आकडे वहीत उतरवून घेतले. मग सवयीनं ते क्रमानं लावले. दोनशे बारा, दोनशे तेरा, दोनशे चौदा... थेट दोनशे तीस. मधला एकही गळला नव्हता.

सूड घेणारा माणूस असा रांगेनं घेतो का?

सबनीस सर सर्व्हरच्या खोलीत उभे होते. पन्नाशी ओलांडलेला, बारीक, शर्टाच्या खिशाला दोन पेनं लावलेला माणूस. ते या कार्यालयाचे प्रमुख, आणि मंजुळेचे गुरूही. बी.एस्सी. झाल्यावर ठाकुर्लीहून ती संध्याकाळी त्यांच्या क्लासला यायची. पहिला प्रोग्राम तिनं त्यांच्याकडून शिकला होता.

"हे बघ." सरांनी तिच्यापुढं एक कागद धरला. सर्व्हर कोणी काय केलं याची नोंद ठेवतो, त्याची ती छापील प्रत होती. पाच डिसेंबर, शनिवार, अकरा वाजून चाळीस मिनिटं. वापरणारा: दौलत. पुढे एकोणीस ओळी. २१२ खोडलं, २१३ खोडलं...

"बाहेरून कोणी घुसलं नसेल कशावरून, सर?"

"भोक बुजवलंय ना. नोंदवही बघ."

ते भोक तिला पाठ होतं. सर्व्हरला जोडलेल्या यंत्रांचे पत्ते आणि येण्याजाण्याच्या वाटा ठरवणारा एक प्रोग्राम होता. त्याला फोनच्या लायनीवरून नावाच्या जागी वाजवीपेक्षा लांब मजकूर धाडला की तो गोंधळायचा, आणि धाडणाऱ्यालाच मालक समजायचा. मग मालकाला काहीही करायची मुभा. दुरुस्तीची फ्लॉपी सप्टेंबरातच सगळ्या कार्यालयांना गेली होती. नोंदवहीत सरांच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं: 'दुरुस्ती बसवली. ३० सप्टेंबर, दुपारी ३ वाजता.' शेजारी वरच्या कार्यालयाचं परिपत्रक चिकटवलेलं. दुरुस्ती ३० सप्टेंबरपर्यंत बसवावी. त्यानंतर दुरुस्तीविना सर्व्हरवर घेतलेल्या नोंदी ग्राह्य धरल्या जाणार नाहीत.

"बाहेरची वाट बंद," सर म्हणाले. "म्हणजे आतला माणूस. पासवर्ड दोघांनाच, मला आणि दौलतला. आणि आत्याशी त्याचं वाकडं आहे, हे अख्ख्या कोळीवाड्याला ठाऊक आहे."

"बॅकअपच्या टेपेवरून परत आणता येतील?"

"टेप एकच. शनिवारी एकच्या ठोक्याला आपोआप बॅकअप होतो. झाला. तिच्यावरही आता दोनशे अकराच नावं आहेत."

"आणि फॉर्म?"

"यादीत चढवले की फाडायचे. कागदमुक्त कार्यालय." सरांनी चष्मा काढून पुसला. "नियम माझाच."

दौलत पलीकडच्या खोलीत कागदाच्या गठ्ठ्यावर बसला होता. पंचविशीचा, कोपरला राहणारा. दारात एक हवालदार तंबाखू मळत होता.

"शनिवारी अकरा चाळीसला कुठं होतास?"

"इथंच, मॅडम. पोचपावत्या लावत बसलेलो."

"कोणी पाहिलं?"

"कोण बघणार? शिपाई दगडूमामा खाली दळण आणायला गेलेले. साहेब मशीनपाशी."

"काही ऐकलंस?"

दौलतनं आठवून पाहिलं. "मशीन बंद-चालू होत होतं. चालू होताना बीप वाजतो ना, तसा तीनदा वाजला."

"एक नाव खोडायला किती वेळ लागतो?"

"दहा-बारा सेकंद. ते विचारतं ना, नक्की खोडू का? प्रत्येक वेळी हो दाबायचं."

मंजुळेनं हातातला कागद पुन्हा उलगडला. एकोणीस ओळी. प्रत्येकीपुढं वेळ ११:४०:००. एकाच सेकंदात एकोणीस नावं, एकोणीस वेळा 'हो'.

"आत्याशी काय बिनसलंय तुझं?"

"माझ्या लग्नावरून. मुलगी तिला पसंत नाय." तो कसंनुसं हसला. "म्हणून कोण घर खोडतो का, मॅडम? तिच्याच घरात वाढलोय मी."

मंजुळा सर्व्हरकडं परतली. तपासणीची फ्लॉपी घालून तिनं स्वतःच बाहेरच्यासारखा हल्ला केला. लांबलचक नाव धाडलं. सर्व्हरनं ते झिडकारलं. पुन्हा धाडलं, पुन्हा झिडकारलं.

भोक बुजलेलं होतं. सर म्हणत होते तसंच.

मग तिनं त्या प्रोग्रामच्या फाइलची तारीख पाहिली. पाच डिसेंबर.

"सर, फाइलवर शनिवारची तारीख कशी?"

"शनिवारी सगळं तपासून पुन्हा एकदा बसवली. तू येणार होतीस ना." सर खिडकीबाहेर पाहत होते.

असेल. तसंही असू शकतं. तिनं वाद घातला नाही. टेपेच्या खाचेत पिठाची धूळ जाते म्हणून ती दर भेटीला खाच पुसायची. आजही तिनं कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये भिजवून आत फिरवला. या खोलीत टेबलापासून पंख्यापर्यंत सगळ्यावर पांढरी भुकटी होती. बोळा निघाला पिवळाधमक. कडेला लालसर कण.

तिनं त्याचा वास घेतला. स्पिरिटपुढं काही कळेना. ती मोरीशी गेली, कपड्यांच्या साबणाचा तुकडा ओला केला आणि बोळ्याच्या एका टोकाला घासला. पिवळा रंग डोळ्यांदेखत तांबडा झाला.

हळद. साबणानं लाल होणारा दुसरा पिवळा डाग घरात सापडत नाही.

टेपेच्या खाचेत हळद कशी शिरेल?

भिंतीवर कार्यालयाचा एक फोटो टांगलेला होता. झेंडूच्या माळा घातलेला सर्व्हर, पुढं पाट, पाटावर नारळ आणि एक टेप, दोन्हींवर हळदकुंकू. पाटामागं सर, दौलत आणि शिपाई दगडू हात जोडून. सर्व्हरचा पडदा काळा. वायरचा प्लग काढून यंत्राच्या डोक्यावर ठेवलेला. कोपऱ्यात कॅमेऱ्यानं उमटवलेली नारिंगी तारीख: ९८ ९ ३०.

"दगडूमामा, हा फोटो कधीचा?"

"खंडेनवमीचा की." दगडू झाडू टेकवून उभा राहिला. "आमच्याकडं नांगर पुजतात, इथं मशीन. सकाळी पूजा झाली की प्लग काढायचा. मग दसऱ्याला सकाळी नारळ फोडल्याबिगर कुणी हात लावायचा नाही. सरांचा दंडकच आहे."

"दुपारी तीनला कोणी चालू केलं असेल?"

"छ्या! मी दाराला कुलूप घालून गावी गेलो. किल्ली माझ्याकडं."

"आणि ही टेप?"

"ती पूजेची. सरांनी आदल्या दिवशी सगळी यादी भरून दिली. म्हणाले, हिच्यावर वर्षभर काही चढवायचं नाही, कपाटात ठेव." तो कपाटाकडं वळला. "ही बघा."

टेप पिशवीत होती. हळदकुंकू होतं, पण पाटावर होतं तसं नाही. मधोमध एक सरळ रेघ पुसली गेली होती. एखाद्या अरुंद फटीत घालून काढल्यासारखी.

तीन वाजता मंजुळेनं सर्वांना सर्व्हरच्या खोलीत बोलावलं. दौलत हवालदाराला विचारून आला. आवडाबाई दारात उभी राहिली, आत आली नाही. हवालदार खाली चहाला गेला होता.

"दौलतनं काही खोडलं नाही," मंजुळा म्हणाली. "कोणीच काही खोडलं नाही."

सर खुर्चीत बसले.

"खोडणारा वेचून खोडतो. इथं गेली ती शेवटची एकोणीस, ओळीनं. दसऱ्यानंतर भरलेली. म्हणजे नावं खोडली गेली नाहीत, अख्खी यादीच मागं गेली, खंडेनवमीच्या दिवसापर्यंत. त्या दिवसाची यादी एकाच ठिकाणी होती. पूजेच्या टेपेवर. ती कपाटातून निघून मशीनमध्ये गेली, म्हणून खाचेत हळद सापडली. पूजेआधी तिला हळद नव्हती. म्हणजे ती पूजेनंतर आत गेली."

"का घातली कोणी?" दौलतनं विचारलं.

"शनिवारी मशीन तीनदा बंद-चालू झालं, तूच म्हणालास. नाव खोडायला मशीन बंद करावं लागत नाही. दुरुस्ती बसवायला लागतं. दुरुस्ती तीस सप्टेंबरला बसलीच नव्हती. त्या दिवशी या मशीनचा प्लग त्याच्या डोक्यावर होता." तिनं फोटोकडं बोट दाखवलं. "नोंदवहीत मुदतीची शेवटची तारीख टाकली, पंचांग न बघता. दुरुस्ती बसली परवा, शनिवारी. आणि पहिल्या खेपेला बिघडली."

ती थांबली. पुढचं तिला सरांकडून ऐकायचं होतं.

"वाटांची सगळी मांडणीच पुसली गेली," सर हळू आवाजात म्हणाले. "मशीन उठेना. नेहमीच्या टेपेचा भरवसा वाटेना, म्हणून पूजेची घातली. ती कधी दगा देणार नाही असं वाटलं. मशीन उठलं. दुरुस्तीही नीट बसली. म्हटलं, आता नेहमीची टेप घालून उरलेली नावं ओढून घेऊ. टेप आत ढकलली, आणि घड्याळात एक वाजला."

खाली गिरणीचा पट्टा फिरत होता.

"बॅकअप आपोआप सुरू झाला," मंजुळा म्हणाली. "त्याच टेपेवर."

"थांबवेपर्यंत संपलासुद्धा. लहानशी यादी."

"आणि मग दौलतच्या नावानं एकोणीस ओळी लिहिल्यात. घाईत सेकंद बदलायचे राहिले."

सरांनी मान हलवली. "चालत्या यंत्राला हात लावू नये, असं मी तुम्हाला वर्गात सांगायचो. दोन महिने त्या फ्लॉपीला हात लावायचं धाडस झालं नाही. मग गुरुवारी तुझं पत्र आलं."

दौलत उठला. तो मारेल असं दगडूला वाटलं, तो मध्ये सरकला. पण दौलत जागीच उभा राहिला. "साहेब, माझं लग्न आहे माघात," एवढंच म्हणाला.

"मी सांगतो चार वाजता. सगळं सांगतो." सरांच्या डोळ्यांत पाणी होतं. "तुझ्यावर डाग राहणार नाही."

"आन आमची नावा?" दारातून आवडाबाईनं विचारलं. "ती येतील ना परत?"

मंजुळेनं नोंदवही ओढली. परिपत्रक तिनं सकाळी वाचलं होतं; आत्ता पुन्हा वाचलं. तीस सप्टेंबर ते पाच डिसेंबर. सहासष्ट दिवस हा सर्व्हर उघडा होता. 'दुरुस्तीविना घेतलेल्या नोंदी ग्राह्य धरल्या जाणार नाहीत.' दोनशे बारा ते दोनशे तीस, सगळ्या त्याच सहासष्ट दिवसांतल्या.

तिचं बोट त्या ओळीवरच राहिलं.

"मॅडम?" दौलतनं तिचा चेहरा पाहिला. ते परिपत्रक त्यानंच चिकटवलं होतं. त्याला ते पाठ होतं. तो हळूहळू बोलू लागला, स्वतःलाच समजावत असल्यासारखा. "दुरुस्ती नव्हती असं ठरलं, तर ती नोंद धरणारच नायत. म्हणजे नावं कधी नव्हतीच. आणि दुरुस्ती होती, नि मी खोडली, तर..."

"दौलत, नको," मंजुळा म्हणाली.

"तर परत लावतील. आहे ना असं?"

"मी वर पत्र लिहीन. अपील करता येईल."

"कधीपर्यंत? रस्त्याची मशिनं जानेवारीत येतायत."

आज दुपारपर्यंत तिला वाटत होतं की खरं शोधून काढलं की काम झालं.

आवडाबाई आत आली. तिला कागद वाचता येत नव्हता, पण भाच्याचा चेहरा येत होता. "काय चाललाय तुजा? मना नको तुजी खोली."

"तुझ्या एकटीची नाय, आत्या. एकोणीस हायत."

"तुना नेतील रं."

"नेतील." तो हसायचा प्रयत्न करत होता. "तुला ती पोरगी पसंत नव्हती ना? सुटलीस."

म्हातारीनं त्याच्या थोबाडीत मारली. मग त्याच हातानं त्याचा शर्ट घट्ट धरून उभी राहिली. वर्षभरानं त्यांचं बोलणं झालं, ते एवढं.

चार वाजता सुनावणी अधिकारी आले. भिंतीवर फोटोच्या जागी एक स्वच्छ चौकोन होता. दगडूनं फोटो कधी काढला ते कोणी पाहिलं नाही. अधिकारी नेमके त्याखाली बसले. त्यांनी नोंदवही चाळली, नोंदींचा कागद वाचला, दौलतला विचारलं. दौलतनं सांगितलं, आत्याचा राग होता, एकटीचं खोडलं तर कळलं असतं, म्हणून शेवटची सगळी खोडली. त्यानं बरं रचलं होतं. मग त्यानं सही केली.

सबनीस सर दोनदा उठले. दोन्ही वेळा दौलतनं त्यांच्याकडं पाहिलं, आणि ते बसले.

"तुम्ही ठाण्याच्या कंपनीच्या?" अधिकारी मंजुळेकडं वळले. "बाहेरून कोणी शिरणं शक्य होतं का?"

"नाही."

"दुरुस्ती कधी बसवली?"

"नोंदवहीप्रमाणे तीस सप्टेंबरला."

"नोंदवही मलाही वाचता येते, बाई. तुम्ही तपासलंत ना? तुमचं सांगा."

दारात एकोणीस घरांच्या बाया दाटल्या होत्या. खाली गिरणी थांबली होती. मंजुळेच्या मुठीत तो हळदीचा बोळा होता. सकाळपासून तो तिनं टाकला नव्हता.

"तीस सप्टेंबर," ती म्हणाली.

अधिकाऱ्यांनी लिहून घेतलं. पोच दाखवणाऱ्या एकोणीस कुटुंबांची नावं पुन्हा चढवावीत. आरोपीला पोलिसांच्या ताब्यात द्यावं. सर्व्हरची व्यवस्था चोख आढळली, कार्यालयप्रमुख श्री. सबनीस यांच्याकडं ती पुढंही राहावी.

हवालदार दौलतला घेऊन जिना उतरला. बाया बाजूला झाल्या. ज्यांना सगळं ठाऊक नव्हतं, त्यांच्यातली एक त्याच्या अंगावर थुंकली. आवडाबाईनं तिला अडवलं नाही. अडवायचं तर का, ते सांगावं लागलं असतं.

आतल्या खोलीत सबनीस सर स्वतः नावं चढवायला बसले. दोनशे बारा. 'नक्की का?' हो. दोनशे तेरा.

मंजुळा मोरीशी गेली. बोळा तिनं पाण्यात सोडून दिला. तळहात पिवळा झाला होता, बोटांच्या पेरांतही रंग उतरला होता. साबणाचा तुकडा सकाळी ठेवला तिथंच होता. तो उचलून तिनं हातावर घासला, आणि दोन्ही हात लाल झाले.